पहिला शब्द काकांचा

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. घ्या, सांगून टाकलं. ज्या कानाचं अख्ख्या पंचक्रोशीत कौतुक, तो कान कामातून जाऊन चांगली चार-पाच वर्षं झाली. हे तिघांनाच माहीत होतं: त्यांना, मला आणि माझ्या कोपराला.

ह्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकं लाजायची, विशेषतः लग्नाच्या मुली आणि नुकती चाळिशी लागलेले बाप्ये. हे त्यांना दटावायचे, "चष्म्याला कसली लाज? दिसत नसताना दिसतंय म्हणायची लाज वाटली पाहिजे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. मी स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन, आणि खरखरीतून माणसाचा आवाज वेचून काढायचा. कोण रडून बोलतंय, कोण पिऊन बोलतंय, कोण थापा मारतंय, मला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. तेव्हा घरात वाटणी आपोआप झाली. डोळे त्यांचे, कान माझे.

पाखरांचं वेड मात्र त्यांचं. मला ते लग्नात आंदण मिळालं. शेतं संपतात तिथे एक बांध आहे आणि बांधापलीकडे दलदल होती. 'होती' म्हणायला अजून जीभ वळत नाही. घोटाभर पाणी, लव्हाळी, मधे मधे चिखलाची बेटं. दिवसा तिथे शराटी चोच खुपसत फिरायचे, लाल काडीपायांचे शेकाटे वावरायचे, आणि बगळे उभे असायचे, सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखे. हलायचं नाही, पण नजर ताटावर. ऊन उतरलं की एकेक जण उठून झाडांकडे निघायचा आणि झाडांतून रातबगळे बाहेर पडायचे. घसा खाकरल्यासारखं 'वॉक' असं एकदाच ओरडायचं आणि पाण्यावर उतरायचं. दिवसपाळी सुटायची, रातपाळी भरायची. कारखान्याच्या फाटकात दोन पाळ्यांची माणसं भेटतात तशी ती मधल्या थोड्या वेळात भेटायची. मला तो वेळ सगळ्यात प्रिय. त्यात बघायचं थोडं आणि ऐकायचं फार.

हळूहळू ह्यांच्यामागे ग्रुप जमला. एक दातांची डॉक्टर, दोन-तीन बँकेतली पोरं, कॉलेजातल्या काही मुली. सगळी गुणी, पण सगळी काकांच्या भजनी लागलेली. आणि ग्रुपमध्ये एक रीतच पडली की अंधार पडायला लागला की कुणी बोलायचं नाही. बांधावर ओळीने बसायचं. आवाज आला तरी ओळखायची घाई करायची नाही. काका मान जराशी कलती करणार, थांबणार आणि नाव सांगणार. त्यानंतर बाकीच्यांनी 'हो हो, मलाही तेच वाटलं' म्हणायचं. पहिला शब्द काकांचा. नवीन पोरांना हे आधी शिकवायचे, दुर्बीण धरायला नंतर.

आधी ह्यांच्या कानातून तुतवारीची बारीक शीळ गेली. मग शेकाट्यांची किकिक गेली. एका संध्याकाळी समोर टिटवी बोंबलत होती आणि हे शांतपणे म्हणाले, "आज सामसूम आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पटकन कोपर मारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान कलती केली आणि म्हणाले, "टिटवी. आत्ता बोलली." पोरं धन्य झाली. दुसऱ्या दिवशी बांधावर गेल्यावर हे न सांगता माझ्या डाव्या हाताला येऊन बसले. ह्या विषयावर आमच्यात अवाक्षर झालं नाही, पण भाषा तयार झाली. एक कोपर म्हणजे रातबगळा. दोन म्हणजे टिटवी. तीन म्हणजे करवानक. आणि कोपर लावून दाबून धरलं तर रंगीत पाणलावा. लोकांना वाटायचं काकू थर्मास घेऊन चहा पाजायला येतात. वाटू दे. मला त्याचं काही नव्हतं, खरंच नव्हतं. संसारात कुणीतरी कुणाचं तरी झाकतच असतं.

रंगीत पाणलाव्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ह्या पाखरात मादी देखणी, नर मातकट. मादी अंडी घालते आणि चालू पडते, दुसरा घरोबा करायला. नर बिचारा अंड्यांवर बसतो, पिल्लं वाढवतो आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. संध्याकाळी बोलते ती मादी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा आवाज, एकामागून एक, संथ. दातांची डॉक्टर एकदा म्हणाली, "काकू, पुढचा जन्म हिचाच मागा." मी म्हटलं, "बाई, ह्या जन्मात नुसतं बोलायला मिळालं तरी पुरे." सगळे हसले. हेही हसले, म्हणजे इतर हसताना बघून हसले.

तर दलदलीत भराव घालून गोदाम बांधायचं ठरलं. जागेचा मालक तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, बांधाच्या अलीकडे कोरडी जमीनही माझीच आहे, तिथे बांधीन, फक्त तसं कारण द्या. कारण एकच चालणार होतं. तिथे रंगीत पाणलावा घरटं करतो असं पाहणीत आलं असतं तर भराव पडला नसता. पाहणीला एक साहेब येणार होते, एकाच संध्याकाळसाठी. तरुण होते, सरळ होते. आधीच म्हणाले, "मला पाखरांतलं फार कळत नाही. काका सांगतील ते मी लिहीन." मी मनात म्हटलं, चला, सुटलो. पाणलावी रोज बोलत होती. कोपर दाबून धरायचं एवढंच काम होतं.

पण नशीब आडवं आलं ते आदल्या संध्याकाळी. दातांची डॉक्टर माझ्या पलीकडेच बसली होती. निघताना सगळ्यांदेखत म्हणाली, "काकू, काकांना सारख्या कोपरखळ्या काय मारता? ह्या वयात प्रेम उतू चाललंय का?" पोरी खिदळल्या. तिच्या मनात पाप नव्हतं. पण ह्यांनी ते तिच्या ओठांवरून टिपलं होतं. त्यांचा चेहरा माझ्या हातातल्या टॉर्चच्या उजेडात दिसला मला, पार उतरलेला.  घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "उद्या तू माझ्याजवळ बसू नकोस."

"उद्याच?" मी म्हटलं. "अहो, नेमकं उद्या?"

"उद्याच. लोक बघतात."

मी हात जोडले, डोकं आपटलं. पण हे पडले हट्टी, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, निदान एवढं करा, पाणलावी बोलली की मी खोकेन. त्यावर ते म्हणाले, "मला तुझ्या खोकल्याची गरज नाही." आणि गरज असती तरी उपयोग नव्हता, कारण खोकलासुद्धा ऐकावाच लागतो. हे अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

पाहणीच्या संध्याकाळी बांधावर हे मधोमध बसले, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला गोदामवाला. मला टोकाला बसवलं, थर्मासबरोबर. शेकाटे गेले. शराटी ओळीने डोक्यावरून गेले. रातबगळा आला, खाकरला. तो ह्यांना उडताना दिसला, म्हणून त्यांनी तो बरोबर सांगितला. साहेब खूश झाले. आणि मग ती बोलायला लागली. लव्हाळ्यातून, समोरच, अगदी स्पष्ट. हूक. हूक. हूक. मी ओळीकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरने मान वर केली होती. बँकेतला एक पोरगा पुढे वाकला होता. त्यांनी ऐकलं होतं, मी शपथेवर सांगते. पण सगळे थांबले होते. पहिला शब्द काकांचा.

काका ताठ बसून होते, फोटोत बसतात तसे. साहेबांनी त्यांच्या तोंडासमोर वाकून विचारलं, "काही विशेष?" तेवढं त्यांना ओठांवरून कळलं असावं.

"रातबगळे," हे म्हणाले. "बाकी काही नाही."

मी उठले. म्हटलं, "साहेब, रंगीत पाणलावी बोलतेय. समोर. आत्ता. कान द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांना मी काय म्हणाले ते कळलं की नाही देव जाणे, पण मी उठून हात करतेय हे दिसलंच. हे हसले. ते दुकानात हसायचे तसं, गिऱ्हाइकाला समजून घेणारं हसू. "आमच्या हिचा ह्या दलदलीवर फार जीव," ते म्हणाले. "शेतावरचा पंप चालू आहे तो. तिला पाणलावा वाटतोय."

साहेब हसले. गोदामवाला हसला. बँकेतला पोरगा मागे टेकला आणि म्हणाला, "हां, पंपच. मलाही क्षणभर फसवलं त्याने."  दातांच्या डॉक्टरने आपल्या कानाला हात लावून पाहिला आणि मान खाली घातली. समोर ती बोलतच होती.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?"

मग मी ओरडून म्हटलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. शेजाऱ्यांना ऐकू येतं. पंप बंद होता, शेतांवर वीजच नव्हती आज. उद्या सकाळी साहेबांना सांगा, चूक झाली म्हणून. आणि ते यंत्र लावा कानाला. आयुष्यभर लोकांच्या नाकावर चष्मे ठेवलेत ना? मग?"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "दुकान गेलं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. ही चार पोरं काका काका करत मागे येतात ती ह्या कानामुळे. तो पण काढून घे."

मला कीव आली. इतक्या वर्षांचा माणूस आहे, येणारच. पण राग कीवेपेक्षा मोठा होता. मी म्हटलं, "तो कान तुमचा नाहीच. तो माझा आहे." हे त्यांना ऐकू गेलं. मी हळू बोलले होते, तरी गेलं. कसं गेलं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी साहेबांच्या ऑफिसात गेले. त्यांनी उठून खुर्ची दिली. "काकू! बसा! इथे! पाणी हवं?" असे मोठमोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. मला वाटलं आज साहेबांना झालंय काय. मी पंपाचं सांगितलं, विजेचं सांगितलं, फोनवर ध्वनिमुद्रण केलं होतं तेही ऐकवलं. त्यात बेडकांचाच गोंधळ होता, आणि बेडकांच्या मागे ती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकू, तुम्हाला वाईट वाटू देऊ नका. काकांचा सकाळीच फोन आला होता."

"ह्यांचा?"

"फार हळवे झाले होते हो. म्हणाले, आमच्या हिचे कान गेलेत. आत सतत आवाज होतात आणि तिला ते पाखरांचे वाटतात. तिला तोडून बोलू नका, मनाला लावून घेईल."

क्षणभर मला फक्त एवढाच प्रश्न पडला की ह्या माणसाने फोनवर पलीकडचं ऐकलं कसं. मग कळलं, ऐकायची गरजच नव्हती. नुसतं बोलायचं होतं.

मग मी तिथे जे बोलले ते बोलले. माझा आवाज चढला, आणि चढला तसतसा साहेबांच्या चेहऱ्यावरचा कनवाळूपणा वाढत गेला. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात ना. मी आवाज उतरवून म्हटलं, "तुम्ही कुजबुजा, मी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवते." ते म्हणाले, "येतं हो, तुम्हाला ऐकू येतं, काकू!" खिडकीबाहेरचा शिपाईसुद्धा वळून बघेल इतक्या मोठ्याने म्हणाले.

दुर्बीण आणि तिचं तीन पायांचं तिकाटणं खांद्यावर टाकून मी दिवसाउजेडी बांधावर गेले. नर दिसला. लव्हाळ्याच्या बुंध्याशी मातीचं ढेकूळ ठेवावं तसा अंड्यांवर बसलेला, डोळ्याभोवती फिकट चंद्रकोर. जवळ जायची सोय नव्हती. आपण जवळ गेलो की तो उठतो, तो उठला की कावळे अंडी बघतात. दुर्बिणीला फोन लावून लांबूनच फोटो काढला. ऑफिसातून उत्तर आलं, फोटोत गवत दिसतंय. दातांच्या डॉक्टरला दाखवला. ती म्हणाली, "काकू, असेलही. पण काका नाही म्हणाले ना." लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, बाबांना सांभाळून घे गं, त्यांचं वय झालंय." जसं काही माझं वय कुणी दुसरीच काढतेय. कान तपासून डॉक्टरची चिठ्ठी आणते म्हटलं, तर तोवर ट्रक आले.

भराव पडला तो मी बांधावर उभी राहून पाहिला. डंपर मागे मागे येत होता आणि तो मातकट वेडा बसूनच होता. पार मातीचा लोट लव्हाळ्यापर्यंत आला तेव्हा उठला, पण उडाला नाही. थोडा पळाला, वळला, पंख पसरून डंपरला भिववायला उभा राहिला. मग उडाला. ड्रायव्हरला तो दिसलाही नसेल. पुढच्या संध्याकाळी मादी कुठून तरी लांबून बोलली. त्यानंतर नाही. घरी हे विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हते. पोळी वाढायची, भाजी वाढायची, झोपायचं.

गोदाम उभं राहिलं. मालकाला काय वाटलं कोण जाणे, त्याने गोदामामागे एक तळं बांधून दिलं. सिमेंटचा काठ, दोन बाकं, आणि पाखरांची माहिती देणारा एक फलक. फलकावर रंगीत पाणलाव्याचं मोठं चित्र होतं आणि देखण्या मादीखाली 'नर' लिहिलेलं होतं. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आमचे काका. मी येणार नव्हते. हे दारात उभे राहून म्हणाले, "चल ना." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. मी गेले.

भाषणं झाली. ह्यांच्या गळ्यात हार पडला. ऊन उतरलं तसे सगळे रिवाजाप्रमाणे काठावर ओळीने बसले आणि गप्प झाले. साहेब होते, गोदामवाला होता, दातांची डॉक्टर होती. ह्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली. "इथे बस. उजव्या हाताला." आता लाज वाटत नव्हती. आता सगळ्यांना माहीत होतं की काकू बहिऱ्या आहेत, काकाच त्यांना सांभाळतात.

त्यांनी कोपर माझ्याकडे सरकवलं आणि मान कलती केली.

काहीही बोलत नव्हतं. रातबगळा नाही, टिटवी नाही, बेडूकसुद्धा नाही. सिमेंटच्या पाण्यात काय मरायला येणार कुणी? एवढी शांतता मी फक्त एक्स्चेंजची लाइन तुटल्यावर ऐकली होती. सगळी ओळ काकांकडे बघत होती. मी कोपर त्यांच्या कोपराला लावलं आणि दाबून धरलं. चांगलं दाबून धरलं. म्हटलं, म्हण आता. सगळ्यांसमोर म्हण, आणि बघ लोकांची तोंडं.

ह्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, लहान पोरासारखा. "रंगीत पाणलावा," ते म्हणाले. "मादी. बोलतेय."

कुणी हललं नाही.  आता कुणीतरी म्हणेल, काका, इथे तर काहीच नाही. आता म्हणेल.

"हो," दातांची डॉक्टर म्हणाली. "हो! मलाही आला आवाज."

"मलाही," बँकेतला पोरगा म्हणाला. "त्या कोपऱ्यातून." मग एकेक करून सगळ्यांनाच आला. गोदामवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि मग पाखरू उडेल म्हणून स्वतःच थांबवल्या. साहेब म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? जागा थोडी इकडची तिकडे झाली तरी पाखरं येतातच."

मी उभी राहिले. म्हटलं, "काही बोलत नाहीये. इथे चिटपाखरू नाही. मी ह्यांना खोटं कोपर मारलं. ऐकताय का तुम्ही? ऐका जरा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आजाऱ्याकडे बघतात तसं. दातांची डॉक्टर उठून आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि एकेक शब्द सुटा करून ओरडली, "काकू! ती! बोलतेय! तुम्हाला! नाही! ऐकू! यायचं!"

ह्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग त्यांनी कोपर पुन्हा माझ्या कोपराजवळ आणून ठेवलं आणि वाट बघत बसले.